चुडाव्याचा पोकळ ठिपका

व्यंकटी, आपलं भांडण मिटलेलं नाही. तू गेलास म्हणून ते मिटलं असं बाकीच्यांनी खुशाल समजावं. तू समजू नकोस.

तुझ्या कॉलेजातले लोक तुझ्यावर एक पुस्तिका काढताहेत. तुझी लेक वैशाली मला म्हणाली, "काका, तुम्हीही लिहा." मी म्हटलं, "लिहीन, पण गोड लिहिणार नाही." ती म्हणाली, "गोड लिहायला अख्खा स्टाफ आहे." पोर तुझ्यावरच गेली आहे. तोंडावर बोलते आणि वर चहा विचारते.

तर तू किती वाजता कॉलेजात यायचास, तुझे विद्यार्थी कुठं कुठं साहेब झाले, ते स्टाफ लिहील. मी खेकड्याचं लिहितो. कारण त्याच्यावरून आपलं बोलणं बंद झालं, आणि बोलणं सुरू व्हायच्या आधी तू निघून गेलास. याला मी दगाबाजी म्हणतो. वाचणाऱ्याला राग आला तर येऊ दे.

आपण दोघं बोरीच्या शाळेत एका बाकावर. आठवीनंतर मी उठलो आणि बैलबाजारात जाऊन उभा राहिलो. पहिल्या वर्षी दुसऱ्याच्या बैलांना पाणी पाजलं, पाचव्या वर्षी स्वतःची जोडी विकली, आणि आज परभणीच्या आसपासच्या कुठल्याही बाजारात मी शिरलो की दोन-चार व्यापारी घसा खाकरतात. तू बाकावरच बसून राहिलास. शिकत शिकत पार समुद्रापर्यंत गेलास आणि तिथं काय शिकलास, तर खेकडा.

तो पहिला खेकडा मला चांगला आठवतो. सुट्टीत गावी आलास तेव्हा बाटलीत घालून आणला होतास. नखाएवढा, चपटा. म्हणालास, याला चिनी मातीचा खेकडा म्हणतात, कारण धरला की हा स्वतःची नांगी सोडून देतो, कपबशीचा कान तुटावा तशी. दोन वर्षं ओहोटीला खडक उलथून तू हा कुठं सापडतो आणि कुठं सापडत नाही त्याचा नकाशा केला होतास. मी बाटली नीट उलटीसुलटी करून पाहिली. मग तू म्हणालास, "तसं बघितलं तर ह्यो खरा खेकडा न्हाईच. खेकड्यासारखा दिसतो नुसता."

"दोन वर्षं कुणाच्या मागं हिंडलास मग?" मी विचारलं.

"ह्याच्याच."

"अन् ह्यो खेकडा न्हाई."

"न्हाई."

मी बाटली परत दिली. आमच्या धंद्यात असं झालं तर माणूस गाव सोडतो. तू मात्र खुशीत होतास.

मग नोकरी लागली ती परभणीत. इथून समुद्र कुठल्या दिशेला आहे हे सांगायलासुद्धा दोन माणसं लागतात. पहिली दोन वर्षं तू तोंड पाडून हिंडलास. मग एक दिवस बोरीच्या नाल्यात तुला एक खेकडा दिसला. दगडी रंगाचा, नांग्यांची टोकं केशरी. लहानपणी आपण असले ढिगानं भाजून खाल्ले होते, तेव्हा त्याला तू काही म्हटलं नव्हतंस. आता म्हणालास, "मुंज्या, ह्येचा नकाशा कुणी केलेला न्हाई." आणि त्या दिवसापासून तू नीट जेवायला लागलास. वहिनींनीच मला तसं सांगितलं.

तू माझ्या गोठ्यात आलास तो दिवस आठव. मी एका खोंडाचा जबडा उघडून दात बघत होतो. तू विचारलंस, "बैल कशावरनं वळखतोस?" मी सांगितलं, दात, खूर, अंगावरचे भोवरे, शेपटीचा गोंडा. मग मी विचारलं, "तुझा खेकडा कशावरनं वळखायचा? ह्या केशरी नांग्यांवरनं?"

"नांगीवरून जात ठरत न्हाई," तू म्हणालास. "रंगावरूनही न्हाई." खिशातल्या डबीतून खेकडा काढलास, उताणा केलास. पोटाखाली दुमडलेली शेपटी सुईनं उचललीस. नराची शेपटी अरुंद, मादीची रुंद. नराच्या शेपटीखाली दोन बारीक काटे, आणि त्या काट्यांचं टोक प्रत्येक जातीत वेगळं. तेवढंच खरं, बाकी सगळं वरवरचं. आणि ते टोक भिंगाखाली बघायचं, नुसत्या डोळ्यांनी नाही.

मी म्हटलं, "म्हंजे एवढं शिकून तू बी शेपटीच उचलायलास."

तू एवढा हसलास की खेकडा हातातून सुटला आणि गव्हाणीखाली गेला. मग एक कॉलेजातला सर आणि एक बैलांचा व्यापारी अर्धा तास शेणात गुडघ्यांवर, आणि तो खोंड मान वाकडी करून आपल्याकडं बघतोय. त्या खोंडाला गिऱ्हाईक लवकर मिळालं नाही. माझी खात्री आहे, आपल्याला तसं बघितल्यापासून त्याचा माणसांवरचा विश्वास उडाला होता.

तुला कोडं पडलं होतं ते एवढंच. हा खेकडा जिंतूरच्या डोंगरातल्या ओढ्यांत राहतो, बोरीपर्यंत उतरतो. पुढं खाली काळ्या रानात, पार पूर्णेपर्यंत जातो की नाही? भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा लावलास. जिथं खेकडा मिळेल तिथं काळा ठिपका. पण त्यासाठी तुझ्या अटी: नर पाहिजे, बाटलीत पाहिजे, आणि ज्यानं आणला त्यानं स्वतः त्या जागेतून काढलेला पाहिजे. नुसतं कुणी सांगितलं तर पोकळ ठिपका. डोंगर संपतात तिथं तू पेन्सिलनं एक रेघ मारली होतीस. रेघेच्या वर ठिपके, खाली कोरं.

मी म्हटलं, "मी आठवड्याला सहा बाजार करतो. तू एकटा कुठं कुठं हिंडणार? खेकडे मी आणतो." तुझे डोळे भरून आले होते. ते आठवलं की मला अजून राग येतो. कारण मी जे केलं ते मनापासून केलं होतं.

बोरीच्या बाजारात कवळाबाई टोपलीत खेकडे घेऊन बसायची. मी समोर बसलो. सवयीनं खांद्यावरचं उपरणं पुढं केलं, कारण आम्ही व्यापारी उपरण्याखाली बोटं दाबून भाव करतो, शेजारच्याला कळू नये म्हणून.

"हात कशाला धरायलास रे मेल्या?" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की मिरचीवाल्या बायासुद्धा उठून उभ्या राहिल्या.

मी उपरणं मागं घेतलं. "बाई, हे खेकडे कुठले?"

"आमच्या बोरीच्या नाल्यातले."

"बोरीचे झालेत माझे. दुसऱ्या गावचे असले तर सांग. दुप्पट देतो."

कवळाबाईनं टोपलीत पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मग परत टोपलीत. "तुमाला कुठले पायजेत?"

"चारठाण्याकडचे असले तर बघ."

"मग ह्ये दोन चारठाण्याचेच हायेत की. मी नीट बघितलंच न्हाई."

व्यंकटी, चाळीस वर्षं बाजार केलेला माणूस मी. आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कारण आमच्याकडं सगळे असंच बोलतात. बैल कुठला विचारलं की जो तो ज्या गावच्या बैलाला नाव आहे त्या गावचा सांगतो. घेणाऱ्यालाही ते माहीत असतं. बैल समोर उभा असतो, त्याचे दात मोजता येतात, गाव गेलं खड्ड्यात. मी तर पुढच्या बाजारी बामणीच्या खेकड्यांसाठी घासाघीस करून तिला दुपटीवरून दीडपटीवर आणलं, आणि घरी येऊन बायकोला सांगितलं की आज एका बाईला चांगलं वाकवलं.

अशी अकरा गावं झाली. अकरा बाटल्या. तू पेन्सिलला टोक काढून माझ्यादेखत ठिपके मारलेस. एकदाच विचारलंस, "काढताना तू बघितलंस ना?" मी चिडून म्हटलं, "मी बैल विकतो तेव्हा तो गाईच्या पोटातनं निघताना बघायला जातो का?" तू पेन्सिल खिशात ठेवलीस. मला वाटलं, पटलं.

मग तू कॉलेजच्या हॉलात नकाशावर भाषण ठेवलंस आणि मला आवर्जून बोलावलंस. मी कडक इस्त्रीचा सदरा घातला. आमच्या धंद्यातला किशन, जो माझं चांगलं झालेलं कधी सहन करत नाही, त्याला मुद्दाम बरोबर घेतलं. म्हटलं, बघ, माझे अकरा ठिपके आहेत त्यात.

पडद्यावर नकाशा आला. जिंतूरचे डोंगर आले, नद्या आल्या, तुझी रेघ आली. माझे ठिपके नव्हते. मी दोनदा मोजलं. बोरीला एक ठिपका होता, तो तुझा. माझ्या अकरा गावांच्या जागी कोरं.

किशन माझ्या कानाशी म्हणाला, "मुंजाभाऊ, तुमचे ठिपके कुठं गेले? चरायला सोडलेत का?"

मी उठून उभा राहिलो आणि ओरडलो, "व्यंकट्या, माझे ठिपके काढ बाहेर!" पुढच्या रांगेतली मोठी माणसं वळून बघायला लागली. तू माईकवरून शांतपणे म्हणालास, "हे माझे मित्र मुंजाजी. विकत घेतलेल्या खेकड्याला गाव नसतं, हे मला यांच्यामुळं कळलं." पोरांनी टाळ्या वाजवल्या. किशननं सगळ्यात जास्त वाजवल्या.

बाहेर आल्यावर मी तुझी कॉलर धरली नाही, एवढंच. तू सांगितलंस, तू कवळाबाईच्या घरी गेला होतास. घरामागं नाला. तिनं बिचारीनं काही लपवलं नाही, उलट हौसेनं दाखवलं: "ह्या दगडाखाली चारठाणा, त्या बांधाखाली बामणी, अन् यलदरी पाहिजे असंल तर जरा पाण्यात उतरावं लागंल."

"आधी सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर तू आला नसतास."

"नसतोच आलो!"

"मग मी नकाशा कुणाला दाखवला असता?"

मी आणखी चिडलो आणि रिक्षात बसून निघून आलो.

पण त्या दिवशी गेटपाशी तू जे म्हणालास ते माझ्या डोक्यात बसलं. "तुझ्या धंद्यात गाव खोटं असलं तरी बैल खरा असतो. माझ्या धंद्यात उलटं हाय. खेकडा काय, कुठल्याबी नाल्यात गावतो. मला त्याचं गावच पायजे." यानं माझं नुकसान किती झालं ते ऐक. पुढच्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकानं विचारलं, "मुंजाभाऊ, बैल कुठला?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माहीत न्हाई." गिऱ्हाईक घाबरून पळालं. त्याला वाटलं बैल चोरीचा आहे. शिवाय आता मला पुलावरून सरळ जाता येत नाही. खाली वाकून बघावं लागतं. चाळीस वर्षं मी ओढे फक्त बैलांना पाणी पाजायला वापरले. दगडाखाली कुणी राहतं, दार लावून घेतं, पिलं वाढवतं, हे मला तुझ्यामुळं कळलं. त्याबद्दल मी तुझा आभारी आहे. हे वाक्य वैशालीनं लिहायला लावलेलं नाही.

आता चुडावा.

मी एका जोडीच्या सौद्यासाठी चुडाव्याला गेलो होतो. सौदा फिसकटला. परतीची गाडी लेट. स्टेशनावर बसून बसून डोकं तापलं म्हणून पुलाखालच्या नाल्यात पाय धुवायला उतरलो. आणि काठाच्या बिळाच्या तोंडाशी तो बसलेला. दगडी रंग, केशरी टोकं. तुझ्या रेघेच्या कितीतरी खाली, काळ्या रानात, रुळांच्या बाजूला!

मी कुणाला विचारलं नाही, भाव केला नाही. सदऱ्याची बाही वर केली आणि हात घातला. अंगठ्याला असा चावला की डोळ्यांपुढं अंधारी आली. पण धरला. उताणा केला. शेपटी अरुंद. नर! जेवणाचा डबा धुतला, ओलं फडकं घातलं, त्यात त्याला ठेवला आणि गाडीत डबा मांडीवर घेऊन बसलो. एका बाईनं विचारलं, "भाऊ, डब्यात काय हाय एवढं जपून?" मी म्हटलं, "काळा ठिपका." ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

घरी आलो. डबा ओट्यावर ठेवला आणि आंघोळीला गेलो. आंघोळ करताना मी तुझा चेहरा डोळ्यांपुढं आणून मोठमोठ्यानं हसत होतो. बाहेर आलो तर ताट वाढलेलं. गरम भाकरी, लालभडक रस्सा. दोन घास खाल्ले, एक तुकडा चावला आणि विचारलं, "कशाचा रस्सा हाय?"

आमची कौसल्या म्हणाली, "आणलात की तुमीच. एवढे मोठे व्यापारी, अन् घरला एक खेकडा! शेजारणीला कळलं तर काय म्हनंल? मी तर ठेचूनच घातला, म्हटलं रस्सा तरी सगळ्यांना पुरंल."

तोवर मी अर्धा चुडावा खाल्ला होता.

वाटीच्या तळाला दोन नांग्या राहिल्या होत्या. त्या कागदात गुंडाळून, हातही न धुता, मी तुझ्या दारात आलो. तू दिव्याखाली भिंग लावून बघितल्यास. आधी वास घेतलास. "लसूण जास्त झालाय," म्हणालास.

"चुडावा," मी म्हटलं. "नर. माझ्या हातानं काढलाय. टोक बघ, केशरी."

"शिजल्यावर सगळेच केशरी होतात, मुंज्या. अन् नांगीवरून जात ठरत न्हाई."

"मग कशावरनं ठरते?"

"जे तू चावून खाल्लंस त्याच्यावरून."

मी अंगठा दाखवला. तू म्हणालास, "अंगठ्याला चावणाऱ्या लय जाती हायेत." मग नकाशावर चुडाव्याला पेन्सिलनं एक गोल काढलास. पोकळ. आत पांढरं.

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोललो ते सगळं इथं लिहीत नाही. पण एक बोललो ते लिहायलाच पाहिजे. मी म्हटलं, "तुझी रेघ मोडायली म्हणून तुला माझा ठिपका नको हाय. तू बी व्यापारीच. फक्त तुझं उपरणं दिसत न्हाई."

तू बराच वेळ भिंग पुसत राहिलास. "रेघ मोडू दे," म्हणालास. "मोडली तर मला आनंदच होईल. पण मोडायला खेकडा पायजे, रस्सा न्हाई चालत. उद्या सकाळच्या गाडीनं चुडाव्याला चल. माझ्यासमोर काढ. तिथल्या तिथं काळा करतो."

एवढं सोपं होतं. सकाळची गाडी, अर्धा दिवस, एक ओढा. पण मी म्हटलं, "माझ्या शब्दावर करायचा असला तर कर. नाहीतर राहू दे." आणि पाठ फिरवून निघालो.

यात माझी चूक काय झाली ते तुला कळलं नसेल, कारण तू कधी बाजार केला नाहीस. सौदा अडला की आम्ही पाठ फिरवतो आणि चालायला लागतो. दहा पावलांच्या आत समोरचा हाक मारतो. मारतोच. मी चाळीस वर्षांत दहाच्या पुढं फार क्वचित गेलोय. त्या दिवशी मी तुझ्या अंगणात मोजत होतो. दहा झाली. फाटक आलं. गल्ली आली. तू हाक मारली नाहीस. तुला वाटलं असेल, मुंज्या घरी चाललाय. मी घरी चाललो नव्हतो, व्यंकटी. मी सौदा करत होतो.

दोन महिने झाले. रोज मला वाटायचं, आज बोलावशील. पोळ्याला मी बैल सजवून तुझ्या गल्लीवरून नेले, गरज नसताना. तू दारात नव्हतास. मग गुरुवारी सकाळी वैशालीचा फोन आला.

वहिनींनी मला नंतर सांगितलं. "भावजी, ते वाट बघत होते. म्हणायचे, मुंज्याचा राग उतरला की चुडाव्याला जायचंय. गमबुटाचे दोन जोड आणून ठेवलेत, एक तुमच्या मापाचा." मी घालून बघितला. एक नंबर लहान. माझ्या पायाचं माप तू कुणाला विचारून आणलंस? विकत घेतलेल्या मापाचं हे असं होतं. एवढं बोललो आणि मला तिथंच पायरीवर बसावं लागलं. वहिनी म्हणाल्या, बूट काढा, पाय सुजलाय. पाय सुजला नव्हता.

दहाव्याला वैशाली तुझी वही आणि नकाशा घेऊन आली. वहीत चुडाव्यासमोर तुझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: "नर असल्याचे सांगतात. नमुना खाल्ला." सांगतात! कोण सांगतात? एका बाकावर बसलो, एका गव्हाणीखाली रांगलो, आणि माझं नाव घालायला तुझी शाई संपली? मी वही आपटली. वैशालीनं ती शांतपणे उचलली.

"काका," ती म्हणाली, "हा नकाशा आता छापायला जाणार आहे. पप्पांच्या नावानं शेवटचा. यानंतर कुणी त्यात काही बदलणार नाही. चुडाव्याचा ठिपका तुम्ही म्हणाल तर मी काळा करते. तुमचा शब्द मला पुरे आहे."

बघ. ज्या भावासाठी मी दोन महिने पाठ फिरवून उभा होतो, तोच भाव समोरून आला. पण द्यायला तू नव्हतास. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "उद्या सकाळच्या गाडीनं चुडाव्याला चल."

नाल्याला पाणी बेताचं होतं. मी चिखलात आडवा झालो. वय झालंय, आडवं व्हायला एक वेळ आणि उठायला दोन. पहिलं बीळ रिकामं. दुसऱ्यात बेडूक. पलीकडं म्हशी चारणारा एक जण कितीतरी वेळ बघत होता. शेवटी त्यानं विचारलं, "मामा, बिळात काय पडलं का?"

"इज्जत," मी म्हटलं. "दोन महिने झाले."

"सापडली तर सांगा," तो म्हणाला आणि खाली बसला.

तिसऱ्या बिळात खांद्यापर्यंत हात गेला आणि टणक काहीतरी लागलं. ओढून काढलं. दगडी रंग. केशरी टोकं. जिवंत, न शिजलेली केशरी टोकं! वैशाली ओरडली, "काका, हाच!" माझ्या छातीत असा ठोका पडला की वाटलं, मी आता तुझ्याकडंच येतो.

उताणा केला. शेपटी रुंद, झाकणासारखी. आणि झाकणाखाली ज्वारीच्या दाण्याएवढी पिलं वळवळत होती, ढिगानं.

मादी.

वैशालीनं वाकून पिलं बघितली. मग फोन काढून फोटो घ्यायला लागली. "काका, रंग तोच आहे. नांग्या त्याच. तुम्ही आधी नर बघितलेला आहे. सगळं मिळून पुरे आहे. मी काळा करते."

खरं सांगतो, तोंडाला पाणी सुटलं. मी हो म्हटलं असतं तर कुणी विचारणार नव्हतं. किशनला नेऊन दाखवला असता. आणि मी तोंड उघडलं तर आतून तुझाच आवाज निघाला: "नांगीवरून जात ठरत न्हाई."

"मग बाटलीत घेऊ? कुणीतरी तपासेल."

"तपासणारे नर मागतेत. अन् हिच्या पोटाखाली अर्धं गाव हाय. सरक."

मी तिला बिळाच्या तोंडाशी ठेवली. आत जाता जाता ती माझ्या दुसऱ्या अंगठ्याला चावली. आता माझ्या दोन्ही अंगठ्यांवर खुणा आहेत आणि पुरावा एकही नाही.

वैशाली काठावर वही उघडून बसली. "काय लिहू?" मी सांगितलं, लिही: चुडावा. एक मादी, पिलांसह. जात ठरली नाही. सोडून दिली. आणि कुणी काढली ते नावानिशी लिही, सांगतात नको. तिनं लिहिलं. "आणि ठिपका?"

"पोकळच राहू दे."

ती रडायला लागली. मी ओरडलो, "रडायलीस कामून? मी रडायलो का?" म्हशीवाला म्हणाला, "मामा, तुमी बी रडायलाव." काही माणसांना नको तिथं बघायची सवय असते.

म्हणजे व्यंकटी, तुझी रेघ शाबूत आहे. छापील नकाशात चुडाव्याला पांढरा गोल जाईल, आणि तू समोर असतास तर हे मी मेलो तरी होऊ दिलं नसतं. पण यावरून तू जिंकलास असं समजू नकोस. त्या दिवशी गाडी लेट होती तेव्हा मी काढला तो नर होता, आणि तो तुझाच खेकडा होता. हे मी बाजारात, रिक्षात, तुझ्या कॉलेजच्या हॉलात, कुठंही उभा राहून मरेपर्यंत सांगणार. आणि वैशालीनं ठिपका काळा करू का म्हणून विचारलं, तर तिला मरेपर्यंत नको म्हणणार.